चार पेट्यांची कोंडी

सोकोबान या खेळाचे सगळे नियम एका दमात सांगून होतात. गोदामात एक माणूस असतो, काही पेट्या असतात आणि पेट्यांच्या संख्येइतकीच खूण केलेली घरे असतात. माणसाने एकेक पेटी ढकलत खुणेच्या घरात नेऊन ठेवायची. पेटी ढकलता येते, ओढता येत नाही. एका वेळी एकच पेटी ढकलता येते. ढकलायच्या दिशेला एकीपुढे लागून दुसरी उभी असली की दोन्ही जागच्या हलत नाहीत. या खेळात शत्रू नाही, घड्याळ नाही, नशिबाचा फासा नाही, आणि तरीही यंदाच्या पावसाळ्यात सांगलीत घरी बसून ज्या एका पातळीने, म्हणजे या खेळातल्या एका कोड्याने, मला फार मोठा काळ अडवून धरले, तिच्यात पेट्या होत्या फक्त चार. ती पातळी कशी अडवते आणि शेवटी ती कशी सुटली, हे क्रमाने लिहून ठेवावेसे वाटते, कारण अडकल्यावर नेमके काय करायचे याची एक रीत मला त्यातून हाती लागली.

हा खेळ हिरोयुकी इमाबायाशी यांनी रचला आणि जपानमधील ताकाराझुका येथील त्यांच्या थिंकिंग रॅबिट या कंपनीने १९८२ मध्ये तो घरगुती संगणकांसाठी बाजारात आणला. १९८८ मध्ये स्पेक्ट्रम होलोबाइट या कंपनीने त्याची अमेरिकन आवृत्ती काढली आणि तिथून तो जगभर पसरला. तेव्हाच्या संगणकांवर सावलीदार, गुळगुळीत चित्रे काढण्याची सोयच नव्हती. भिंत म्हणजे विटांचा एक चौकोन, पेटी म्हणजे फुलीचा चौकोन, माणूस म्हणजे मोजक्या ठिपक्यांची आकृती. माझ्या भाच्याने माझ्या लॅपटॉपवर घालून दिलेला खेळ अलीकडच्या काळात तयार केलेला असला, तरी त्याने तेच जुने रूप जाणीवपूर्वक घेतले आहे: थोडेच रंग, कडा दिसतील असे मोठे पिक्सेल, आणि पेटी खुणेवर बसली की एकसुरी छोटासा आवाज. मला हे रूप मनापासून आवडते. पडद्यावर जे दिसते ते सगळे कोड्याचा भाग असते. शोभेसाठी ठेवलेली एकही वस्तू नसते, त्यामुळे एखादे घर तिथे आहे म्हणजे त्याला काही तरी काम आहे असे धरून चालता येते. या गुणाचा पुढे मला फार उपयोग झाला.

सांगलीला बुद्धिबळाचे वळण जुने आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी जोपासलेल्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे इथल्या अनेक घरांत पट असतो आणि उन्हाळ्याच्या सुटीत स्पर्धांच्या गोष्टी निघतात. आमच्याही घरी पट होता, आणि लहानपणापासून माझी विचार करण्याची पद्धत बुद्धिबळातून आली: मी ही खेळी केली तर समोरचा काय करील, त्यावर माझी पुढची खेळी कोणती. सोकोबानमध्ये ही पद्धत काही अंतरापर्यंतच साथ देते. बुद्धिबळात घोडा, हत्ती, वजीर आले तसे परत जाऊ शकतात. मागे न येणारे फक्त प्यादे, आणि म्हणूनच प्यादे पुढे सारण्यापूर्वी जुने खेळाडू थांबायला सांगतात. सोकोबानमध्ये जवळजवळ प्रत्येक ढकल प्याद्याच्या खेळीसारखी असते. पेटी भिंतीच्या कोपऱ्यात गेली की ती तिथेच राहते. मात्र ती गेली हे सांगायला समोर कोणी बसलेले नसते. खेळ पुढे चालूच राहतो, आणि खेळणारा आधीच हरलेल्या स्थितीत मोठ्या उमेदीने डोके लढवत राहतो.

आता ती पातळी. डावीकडे एक मोठी, साधारण चौकोनी खोली आहे. तिच्या उजव्या भिंतीतून दोन बोळ निघतात, दोन्ही एकेक घर रुंदीचे. वरचा बोळ खोलीच्या सर्वांत वरच्या ओळीतून निघून सरळ उजवीकडे जातो आणि टोकाला काटकोनात खाली वळतो. मधला बोळ खोलीच्या मधल्या ओळीतून निघतो आणि वरून खाली आलेल्या त्या बोळाला मिळतो. या मिळण्याच्या घराला मी मनातल्या मनात ‘तिठा’ म्हणू लागले. तिठ्यापासून खाली एक बंद गल्ली जाते आणि तिच्यातली चारही घरे खुणेची आहेत. म्हणजे पेटीला खुणेपर्यंत नेण्याचा मार्ग ठरलेलाच आहे: मधल्या बोळातून तिठ्यापर्यंत उजवीकडे ढकलायची, मग माणसाने तिच्या वरच्या घरात उभे राहून तिला खाली ढकलायचे. खोलीत याशिवाय दोन बारीकसारीक गोष्टी आहेत. वरच्या भिंतीत दोन घरांचा एक कोनाडा आहे, आणि उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ, उजव्या भिंतीत, एकावर एक अशा दोन घरांची खाच आहे.

चार पेट्यांपैकी एक खोलीत मोकळी उभी आहे, चारही बाजूंना जागा असलेली. दुसरी अगदी मधल्या बोळाच्या तोंडाशी आहे; तिला मी ‘दारातली पेटी’ म्हणेन. तिसरी तिच्या थेट खाली, वरच्या पेटीला चिकटून आणि उजवीकडे त्या खाचेला लागून. ही ‘खालची पेटी’. चौथी वरच्या बोळाच्या आत, मध्यावर कुठे तरी. ही ‘बोळातली पेटी’.

पातळी उघडल्यावर दारातली पेटी आत ढकलावी हे कोणालाही सुचेल. ती जणू निघण्याच्याच तयारीत उभी असते, आणि खरोखरच, सुरुवातीच्या स्थितीत तिला ढकलता येईल अशी ती एकच दिशा असते. मी तिला बोळातून तिठ्यापर्यंत नेले. आता तिच्या वर उभे राहायचे, तर मधला बोळ तिने स्वतःच बंद केलेला. म्हणून परत खोलीत येऊन वरच्या बोळातून जायचे. तिथे बोळातली पेटी आडवी. तिला पुढे ढकलत नेले की ती बोळाच्या टोकाच्या काटकोनात जाऊन बसते, जिथे वर भिंत आणि उजवीकडे भिंत, आणि मग ती कायमची तिथलीच होते. तिच्यामागे माझाही रस्ता बंद. तिला ढकललेच नाही, तर तिठ्यावरची पेटी कधी वळत नाही. यानंतर मी बरेच प्रकार करून पाहिले. पहिली पेटी बोळात अर्ध्यावर ठेवली, मोकळ्या पेटीला आधी हलवून खोलीची रचना बदलली, बोळातली पेटी काटकोनाच्या एक घर अलीकडे थांबवली. प्रत्येक वेळी शेवट सारखाच: दोन बोळ, दोन पेट्या, आणि माणूस कायम चुकीच्या बाजूला.

उत्तर पाहणे फार सोपे होते. “आत्या, शोधून देऊ का? लगेच सापडंल की,” असे भाचा म्हणाला, आणि त्याच्या स्वरात काळजी होती. मी नको म्हटले. या खेळात उत्तर म्हणजे बाणांची एक लांबलचक रांग असते. ती पाहून पातळी पुरी होते, पण कोणत्या घराला काय काम होते हे त्या रांगेत कुठेच लिहिलेले नसते. मला तेच हवे होते.

तेव्हा मी खेळ पुढे नेण्याचे थांबवले आणि अडकलेल्या स्थितीचाच अभ्यास करायचे ठरवले. या खेळात एकेक पाऊल मागे घेण्याची सोय आहे. एरवी आपण ती नुकतीच केलेली ढकल परत घेण्यासाठी वापरतो. मी ती वेगळ्या कामाला लावली. पूर्ण कोंडी झालेल्या स्थितीतून साधारण अर्धी पावले मागे गेले आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: इथून हे कोडे सुटू शकते का? ‘कसे सुटेल’ हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला. इथून निश्चितपणे सुटणार नाही असे दाखवता आले, तर आणखी अर्धे मागे. दाखवता आले नाही, तर अर्धे पुढे. असे करत गेले की कोंडी ज्या ढकलीने झाली, ती ढकल दोन्ही बाजूंनी पकडीत येते. मला वाटत होते की घोटाळा तिठ्याजवळ आहे, कारण तो तिथे दिसत होता. प्रत्यक्षात तो निघाला दारातल्या पेटीच्या अगदी पहिल्या ढकलीत. ती पेटी बोळात एक घर शिरली, की तिच्या पलीकडे जाण्याचा एकच मार्ग उरतो, तो वरचा बोळ. आणि वरच्या बोळातली पेटी खोलीच्या बाजूने कशीही हाताळली, तरी तो मार्ग मोकळा होत नाही. पुढची सगळी पावले, त्यांतल्या सगळ्या युक्त्या, सगळी चिकाटी, मेलेल्या डावावर खर्च होत होती.

या शोधाने मला खूप समाधान मिळाले आणि त्याच वेळी पेचही वाढला. ती ढकल मारक आहे हे सिद्ध झाले, पण दारातल्या पेटीला दुसरी दिशाच नव्हती. तिला वर ढकलायचे तर माणूस तिच्या खाली हवा, तिथे खालची पेटी. तिला खाली ढकलायचे तर खालचे घर रिकामे हवे, तिथेही खालची पेटी. डावीकडे ढकलायचे तर माणूस मधल्या बोळात हवा, आणि तिथे जायला वाट नाही.

इथे मी चौकटीची वही काढली. सोकोबानच्या अनुभवी खेळाडूंची एक जुनी पद्धत आहे: डाव उलटा खेळायचा. शेवटची स्थिती मांडायची, चारही पेट्या खुणेवर, आणि मग ढकलण्याऐवजी ओढत ओढत सुरुवातीकडे यायचे. ओढून पेटी भिंतीच्या कोपऱ्यात अडकवताच येत नाही, त्यामुळे पेटी जिथे कायमची अडकते अशा मेलेल्या घरांची भीती उलट्या डावात राहत नाही. मी शेवटून सुरुवात केली. गल्लीतली सर्वांत वरची पेटी ओढून तिठ्यावर आणायची, तर माणूस तिच्या वरच्या घरात येतो. आता तिला मधल्या बोळातून डावीकडे ओढायचे, तर माणूस तिच्या डाव्या हाताला पोचला पाहिजे. आणि पोचायचे तर वरच्या बोळातून खोलीत, खोलीतून मधल्या बोळात, असा सबंध फेरा. हे एका पेटीपुरते खरे नव्हते. दुसरीसाठीही तोच फेरा, तिसरीसाठीही, चौथीसाठीही. वहीत मी एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ ओढली: वरचा बोळ माणसाचा, मधला बोळ पेट्यांचा. म्हणजे खुणेकडे पहिली पेटी निघण्यापूर्वीच वरचा बोळ पूर्ण रिकामा झालेला असला पाहिजे, आणि बोळातली पेटी, जी खुणांच्या इतक्या जवळ दिसते, तिलासुद्धा आधी उलट दिशेने खोलीत यावे लागणार.

गल्ली भरण्याचा क्रम मात्र सोपा होता. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामात पोत्यांची थप्पी जशी मागच्या भिंतीपासून दाराकडे लावत येतात, तशीच ही गल्लीही तळापासून वर भरायची, त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. विचार करण्यासारखे होते ते सगळे पहिल्या पेटीच्या प्रवासाच्या आधी घडणार होते.

मग उलट्या डावाने एक साखळीच हाती दिली. बोळातली पेटी डावीकडे ढकलायची, तर माणूस तिच्या उजव्या बाजूला हवा. तिथे तो फक्त मधल्या बोळातून, तिठ्यावरून वर चढून पोचू शकतो. त्यासाठी मधल्या बोळाचे तोंड मोकळे हवे. त्यासाठी दारातली पेटी बाजूला सरली पाहिजे, आणि तिला सरकायला जागा मिळू शकते ती फक्त खाली. त्यासाठी खालच्या पेटीने आपले घर सोडले पाहिजे. ज्या पेटीकडे मी आतापर्यंत नुसती अडगळ म्हणून पाहत होते, तिच्यापासून हे कोडे सुरू होते.

खालच्या पेटीला ढकलायला डावीकडून जागा होती आणि उजवीकडे ती दोन घरांची खाच होती, अगदी एखादी पेटी मावावी अशी. मी तिला खाचेत सारले. त्यानंतर जे घडले ते पाहून भाचाही शेजारी येऊन बसला. दारातली पेटी एक घर खाली आली, बोळाचे तोंड उघडले, माणूस मधल्या बोळातून आत गेला, तिठ्यावरून वर चढला आणि मागून जाऊन बोळातली पेटी ढकलत ढकलत खोलीत घेऊन आला. तिला मी कोनाड्याखाली थांबवले, कारण वरच्या ओळीतल्या पेटीला खाली ढकलायचे तर तिच्या वर उभे राहायला जागा हवी, आणि ती जागा त्या कोनाड्याखेरीज कुठेच नाही; तिथे न थांबता डावीकडे ढकलत राहिले, तर खोलीचा कोपरा येतो आणि पेटी संपते. कोनाड्याचे काम असे कळले. पुढे मोकळी पेटी गल्लीच्या तळाशी गेली, दारातली पेटी गेली, कोनाड्याखालची पेटी गेली. “तीन बसल्या की आत्या! आता एकच राहिली,” असे तो उत्साहाने म्हणाला.

ती एक खाचेतली होती. तिच्या वर भिंत, उजवीकडे भिंत. तिला डावीकडे ढकलायला उजवीकडे उभे राहायला हवे, आणि खाली ढकलायला वर. दोन्ही जागी विटा. तिला तिच्या घरातून हलवणे आता कोणत्याही मार्गाने शक्य नव्हते.

पुन्हा तोच अनुभव: मरण डावाच्या पहिल्याच ढकलीत, आणि कळले ते शेवटच्या पेटीला. फरक इतकाच की या वेळी ते कुठे घडले हे शोधायला अर्ध्या-अर्ध्याने मागे जावे लागले नाही. मी वहीत पातळीचा नकाशा पुन्हा काढला आणि लाल पेनाने मेलेली घरे खुणावली, म्हणजे अशी घरे जिथे पेटी एकदा गेली की खुणेपर्यंत कधीच पोचू शकत नाही. खोलीची सबंध डावी कड लाल झाली, कारण त्या कडेला लागलेली पेटी उजवीकडे ढकलायला भिंतीत उभे राहावे लागेल. तळाची सबंध ओळ त्याच कारणाने लाल. वरच्या बोळाच्या टोकाचा काटकोन लाल. आणि खाचेची दोन्ही घरे लाल. हे काम करायला फारसा वेळ लागत नाही, आणि तरी ते मी पातळी उघडल्याबरोबर केलेले नव्हते, कारण चारच पेट्यांच्या कोड्याला त्याची गरज असेल असे वाटत नाही.

संगणकाला हा खेळ शिकवू पाहणाऱ्यांपुढेही मुख्य अडचण हीच असते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ मध्ये सिद्ध केले की सोकोबान ‘पीस्पेस-कम्प्लीट’ या वर्गात मोडतो. साध्या शब्दांत, पातळी मोठी होत गेली तर ती सुटते की नाही हे हमखास आणि झटपट ठरवणारी सर्वसाधारण रीत असण्याची आशा फारच थोडी. त्याच विद्यापीठात अँड्रियास युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांनी ‘रोलिंग स्टोन’ नावाचा सोकोबान सोडवणारा प्रोग्राम लिहिला. हेच शेफर पुढे २००७ मध्ये चेकर्स हा खेळ पूर्ण उकलून दाखवण्यासाठी प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रोग्रामचा मोठा भाग कोंडी लवकर ओळखण्यासाठी खर्ची पडला होता, कारण मेलेल्या स्थितीच्या पुढे जितके शोधावे तितके ते वाया जाते. ‘एक्स-सोकोबान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ९० प्रसिद्ध पातळ्या या सगळ्यांची कसोटी मानल्या जातात, आणि त्या ९० च्या ९० सोडवणारा पहिला प्रोग्राम यारोन शोहाम यांचा ‘फेस्टिव्हल’, तो २०२० मध्ये. म्हणजे मूळ खेळ बाजारात आल्यापासून अडतीस वर्षांनी. माझ्यासारख्या चार पेट्यांच्या पातळ्या अशा प्रोग्रामला पापणी लवण्याइतकाही वेळ घेत नाहीत हे खरे, पण लाल घरांचा नकाशा तेही आधी काढतात आणि मीही काढत होते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला.

नकाशाकडे पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. लाल खूण ही पेटीला मनाई होती. माणसाला या पातळीत कुठलेच घर वर्ज्य नव्हते. खाचेची दोन्ही घरे पेटीसाठी मेलेली असतील आणि पातळी रचणाऱ्याने ती तरीही ठेवली असतील, तर ती माणसासाठी ठेवली असली पाहिजेत. एक घर कमी असते, तर खालच्या पेटीने तोंड बंद केल्यावर खाचेत शिरताच आले नसते. दोन घरे असल्यामुळे खालच्या घरात तळाच्या ओळीतून शिरता येते, आणि तिथून एक घर वर चढले की माणूस खालच्या पेटीच्या उजव्या हाताला उभा असतो. म्हणजे तिला डावीकडे ढकलता येते. खोलीच्या आत, मोकळ्या जागेत, खुणांच्या अगदी विरुद्ध दिशेला.

यानंतरचा डाव मी घाई न करता, प्रत्येक ढकलीआधी नकाशा पाहून खेळले. माणूस खाचेत शिरला आणि त्याने खालची पेटी एक घर डावीकडे ढकलली. तीन घरे ढकलली असती तर ती डाव्या कडेच्या लाल घरात गेली असती. मग वर येऊन दारातली पेटी एक घर खाली. दोन घरे गेली असती तर तळाची लाल ओळ. मधला बोळ उघडला. माणूस आत गेला, तिठ्यावरून वर, वरच्या बोळातून उलट येत त्याने बोळातली पेटी खोलीत आणली आणि ती कोनाड्याखाली थांबली. आता चारही पेट्या खोलीत होत्या आणि दोन्ही बोळ रिकामे होते. खुणेच्या घरांच्या जवळपासही एक पेटी नव्हती. वरवर पाहणाऱ्याला सुरुवातीपेक्षा आपण मागे गेलो असेच वाटले असते, आणि पातळीचा कठीण भाग तर इथेच संपला होता.

उरलेले सगळे नुसते चालणे होते. मोकळी पेटी मधल्या बोळातून तिठ्यावर, मग खोलीतून वरच्या बोळाचा फेरा, मग गल्लीच्या तळाशी. दारातली पेटी खालून एक घर वर ढकलून पुन्हा बोळाच्या तोंडाशी आणली आणि तीही गेली. कोनाड्यात उभे राहून तिसरी खाली घेतली आणि मधल्या ओळीतून रवाना केली. शेवटी खालची पेटी, तळाच्या ओळीतून वर ढकलून. ती तिठ्यावरून एकच घर खाली गेली, तो छोटा आवाज झाला आणि पातळीभोवतीची चौकट रंग बदलून गेली. भाचा टाळ्या वाजवू लागला तेव्हा माझ्या मनात त्या अनोळखी रचनाकाराविषयी मोठा आदर होता. खाच, कोनाडा, बोळातली पेटी, काटकोन: एकही घर फुकट नव्हते. पेटी ठेवायला योग्य वाटणारी जागा माणसासाठी, आणि निघायच्या तयारीत उभी असलेली पेटी सर्वांत आधी मागे घेण्यासाठी. इतक्या थोड्या सामानात इतकी विचारपूर्वक केलेली रचना मी या खेळात तरी पूर्वी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिच्यातल्या ढकली कमी करता येतात का हे आम्ही दोघांनी पाहिले. खालची पेटी एक घर डावीकडे नेण्याऐवजी दोन घरे नेली तरी पातळी सुटते, पण दोन ढकली जास्त लागतात, एक जाताना आणि एक येताना. पेट्या गल्लीत कोणत्या क्रमाने जातात याने एकूण ढकलींत फरक पडत नाही असे आधी वाटले होते; प्रत्येक पेटीचे अंतर मोजून बेरीज केल्यावर तसेच निघाले, कारण कोणतीही पेटी बोळात शिरली की तिठ्यापर्यंतचे अंतर सगळ्यांना सारखेच आणि गल्लीतली चार घरे कोणी ना कोणी भरायचीच आहेत. क्रमाने फरक पडतो तो माणसाच्या चालण्यात. मोकळी पेटी मात्र आधीच पाठवावी लागते, कारण ती मधल्या ओळीत ज्या घरात उभी आहे, तिथेच माणसाला कोनाड्याखालून उतरवलेल्या पेटीच्या मागे उभे राहायचे असते. भाच्याने मग वहीच्या पुढच्या पानावर खाचेचे एक घर पुसून तीच पातळी काढली आणि ही सुटेल का म्हणून मला विचारले. ती सुटत नाही, हे त्याला दारातल्या पेटीच्या चार बाजू एकेक करून दाखवत सिद्ध करून दिले, आणि त्याने लगेच पुसलेले घर परत काढून त्याऐवजी कोनाडा बुजवला.